कुंडीतली माती सारखी ओली का राहते?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी हौसेनं मॉन्स्टेरा आणला. २५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत बागेतली माती आणि गांडूळखत निम्मंनिम्मं घालून लावला. निचरा चांगला व्हावा म्हणून तळाला चार बोटं खडी घातली. आठवड्यातून एकदाच पाणी घालते, तेही वरची माती सुकलेली बघून. तरी खालची दोन पानं पिवळी पडलीत, एका पानाच्या कडेला काळपट ओले डाग आलेत आणि कुंडीभोवती चिलटं उडतात. कुणी म्हणतं वाळू मिसळ, कुणी म्हणतं खत कमी पडतंय. कॅलेथिया आणि स्नेक प्लांट यांच्याही कुंड्या बदलायच्या आहेत. ‘इनडोअर पॉटिंग मिक्स’ म्हणून तयार पिशवी मिळते, ती तिघांना चालेल का? की घरीच काही बनवू?

उत्तर : आधी खत आणि वाळू, दोन्ही बाजूला ठेवा. पिवळी पानं, ओले काळे डाग आणि चिलटं ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की बहुतेक वेळा कारण एकच निघतं : कुंडीच्या तळाशी मुळं गुदमरलेली असतात.

‘आठवड्यातून एकदाच घालते’ हे तुम्ही सफाई दिल्यासारखं लिहिलंय, पण तुमचा हात चुकलेलाच नाही. झाडाला पाणी जास्त झालं म्हणतो तेव्हा ते किती वेळा घातलं यापेक्षा घातलेलं पाणी मुळांभोवती किती दिवस अडून राहिलं, हे बघायचं असतं. एक कोरडी लाकडी काडी कुंडीच्या कडेनं खडीला टेकेपर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. वरचा दोन-तीन सेंटिमीटर भाग कोरडा आणि त्याखाली काडी ओली, काळपट, चिखल चिकटलेली निघाली, तर वरची सुकलेली माती बघून तुम्ही दर आठवड्याला ओल्यात ओलं घालत होतात.

असं का होतं ते नीट कळलं की मातीची निवड सोपी होते, म्हणून तिथे जरा थांबू. जमिनीत पाणी खाली खाली जात राहतं, कारण खाली कित्येक फूट मातीच असते. कुंडीला मात्र तळ असतो. तळाच्या भोकांशी पोचलेलं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांत धरलेलं असतं. ते सगळं गळून जात नाही, तळाशी एक चिंब पट्टा शिल्लक राहतो. स्वयंपाकघरातला आयताकृती स्पंज घेऊन बघा. पाण्यात भिजवून आडवा धरा, गळायचं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच आणि तळाशी अडणारा चिंब पट्टाही तेवढ्याच उंचीचा. फक्त उभं धरल्यावर त्या पट्ट्यात येणारा स्पंज कमी, म्हणून उरलेलं पाणी निघून गेलं. कुंडीतही हेच चालतं. चिंब पट्ट्याची उंची मातीचे कण किती बारीक आहेत त्यावर ठरते, कुंडी किती उंच आहे त्यावर नाही.

आता तुमच्या खडीकडे येऊ. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत आपणहून उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून ओथंबली की मगच ठिबकतं. म्हणजे चिंब पट्टा तळाशी राहायचा तो आता खडीच्या वर, थेट मुळांत येऊन बसला. खडीनं निचरा वाढला नाहीच, उलट कुंडी चार बोटं उथळ झाली. ही खडीची रीत वर्षानुवर्षं चालत आलीय आणि ती सांगणारी माणसं बागकामात मुरलेली असतात. तरीही ती चुकीचीच आहे. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढंच हवं असेल तर जाळीचा किंवा सुती कापडाचा एक तुकडा पुरतो.

दुसरी अडचण मातीची. बागेतल्या मातीतले चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. जमिनीत गांडुळं, मुळं, किडे ती मोकळी ठेवतात. कुंडीत ती मोकळी करणारं कुणी नसतं, दर पाण्यानिशी ती आणखी दबत जाते. त्यात निम्मं गांडूळखत, म्हणजे तेही बारीकच. भुसभुशीत दिसणारं गांडूळखत भिजलं की लोण्यासारखं बसतं. हवेला जागा उरत नाही. आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो, त्यामुळे पोकळ्या पाण्यानं भरलेल्या असल्या की मुळांपाशी पोचायला तो पुरत नाही. मुळं मरतात, मेलेल्या मुळांवर पिथियमसारखे, बुरशीसारखे दिसणारे सूक्ष्मजीव ताव मारतात, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं मलूल होतं. मग आपण आणखी पाणी घालतो.

मॉन्स्टेराला हे विशेष सोसत नाही. तो दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलातला वेल आहे. जमिनीवर रुजतो, पण लवकरच जवळच्या झाडाच्या खोडावर चढतो. त्याची मुळं सालीच्या भेगांत, पडलेल्या पानांच्या थरात, काही तर नुसती हवेत वाढतात. तिथे पाऊस वरचेवर पडतो पण मुळांपाशी साचत नाही. फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट, अँथुरियम, बहुतेक सगळी ही मंडळी याच चालीची. त्यांच्यासाठी कुंडी भरताना मनात एकच हिशोब ठेवा : पाणी केव्हाही घालता येतं, हवा मागाहून घालता येत नाही. ती भरतानाच मिश्रणात असावी लागते.

मिश्रणात काय काय?

कोकोपीट हा पाणी धरणारा भाग. नारळाच्या काथ्याच्या भुशाची दाबलेली वीट मिळते. ६५० ग्रॅमच्या विटेवर साडेतीन-चार लिटर पाणी घातलं की फुगून आठ-नऊ लिटर भुसा होतो. आम्लता साधारण साडेपाच ते साडेसहा पीएचच्या आसपास, म्हणजे या झाडांना हवी तशीच. पण दोन गोष्टी पिशवीवर सहसा लिहिलेल्या नसतात. पहिली, मीठ. काथ्या कुजवताना खारं पाणी वापरलेलं असेल तर सोडियम आणि पोटॅशियम भरपूर राहतं आणि नव्या पानांची टोकं करपतात. फुगलेलं कोकोपीट भरपूर पाण्यात रात्रभर ठेवा, पिळून काढा, पुन्हा स्वच्छ पाणी घाला. असं तीनदा करा. पाण्याला चहासारखा रंग येतो तो टॅनिनचा. रंग गेला म्हणजे मीठ गेलं असं नाही आणि रंग राहिला म्हणजे मीठ राहिलं असंही नाही. क्षार मोजायचा ईसी मीटर असेल तर निथळलेल्या पाण्याचा आकडा १ मिलिसीमेन्सच्या खाली येईपर्यंत धुवा. नसेल तर तीन वेळा पुरे. दुसरी गोष्ट म्हणजे कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्याकडे धरून ठेवतं. म्हणून पुढे खत निवडताना ही दोन्ही त्यात आहेत का ते बघा.

साल, म्हणजे पाइन बार्कचे तुकडे, हा मिश्रणाचा सांगाडा. मॉन्स्टेरासाठी ८ ते १५ मिलिमीटरचे तुकडे घ्या. ताजी, कच्ची साल किंवा लाकडाचा भुसा घेऊ नका. तो कुजवायला सूक्ष्मजीव नत्र ओढून घेतात आणि झाड फिकं पडतं. साल कोरडी असेल तर सुरुवातीला पाणी धरत नाही, म्हणून वापरण्याआधी २४ तास भिजवून ठेवा. साल नाहीच मिळाली तर नारळाच्या सोडणाचे सेंटिमीटरभराचे तुकडे चालतात, फक्त तेही कोकोपीटसारखेच धुवून घ्यावे लागतात.

परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून लाहीसारखी फुलवलेली. कुजत नाही, दबत नाही, वजनाला हलकी. ३ ते ६ मिलिमीटरचं दाणेदार परलाइट घ्या. अगदी पीठ झालेलं मिळालं तर चाळून घ्या, कारण ती पूड पोकळ्या भरून टाकते आणि मग परलाइट घालण्यात अर्थच राहत नाही. पिशवीला छोटं भोक पाडून आत थोडं पाणी ओता आणि मगच उघडा, म्हणजे तिची धूळ नाकातोंडात जात नाही. थर्माकोलचे गोळे हा त्याला पर्याय नव्हे. ते पाणी धरत नाहीत, वर तरंगून येतात आणि चुरा होऊन जिथे तिथे पसरतात. परलाइट नसेल तर प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, उत्तम. तेही नसेल तर विटेचे ५ ते ८ मिलिमीटरचे तुकडे, चाळून आणि धुवून. कुंडी जड होईल, एवढाच तोटा.

गांडूळखत एकदशांश ते फार तर सातवा हिस्सा. यापुढे गेलात की मिश्रण बसायला लागतं.

कोळशाबद्दल फार मोठमोठं बोललं जातं, की तो विष शोषतो, कूज थांबवतो. कुंडीत घालतो तेवढ्या कोळशाकडून असल्या चमत्काराची आशा ठेवू नका. तो न कुजणारा, सच्छिद्र, हलका तुकडा आहे आणि तेवढ्यासाठी घालायला हरकत नाही. साध्या लाकडाचा घ्या, पेटवण्यासाठी काही मिसळून बनवलेल्या वड्या नकोत. राख धुवून टाका, राखेनं पीएच वर जातो.

राहिली वाळू. बांधकामाची बारीक वाळू चिकणमातीत मिसळली तर वाळूच्या कणांमधल्या फटी माती भरून टाकते आणि सुकल्यावर गिलाव्यासारखं काहीतरी तयार होतं. निचऱ्याला उपयोगी पडतात ते २ ते ५ मिलिमीटरचे भरड खडे, तेही मिश्रणाचा मोठा हिस्सा असले तरच. माती तशीच ठेवून वर दोन मुठी वाळू घातल्यानं काहीही साधत नाही.

तिघांना एकच?

एकच नको, पण तीन वेगळी पोतीही लागत नाहीत. एक मूळ मिश्रण करून ठेवा : धुवून पिळलेलं कोकोपीट ३ मगे, परलाइट २ मगे, चाळलेलं गांडूळखत १ मगा. सगळी मापं आकारमानाची, वजनाची नाहीत. कोकोपीट फुगलेलं आणि पिळलेलं मोजायचं, कोरडं नाही.

या सहा मग्यांत सालीचे तुकडे ३ मगे आणि कोळसा १ मगा घातला की मॉन्स्टेराचं काम झालं. कॅलेथियाला मुळं बारीक, आणि तिला ओल सारखी हवी पण चिखल नको. तिच्यासाठी त्याच सहा मग्यांत आणखी १ मगा कोकोपीट आणि २ मगे बारीक साल, ३ ते ८ मिलिमीटरची, किंवा नीट कुजलेला पालापाचोळा. कॅलेथियाची टोकं करपली की सगळे दमट हवेच्या मागे लागतात. ते खरंही असतं, पण बऱ्याचदा मिश्रणात साठलेले क्षार आणि जड पाणी यांचाही त्यात हात असतो, म्हणून तिच्या कुंडीत गांडूळखत एका मग्याच्या वर नेऊ नका. स्नेक प्लांट पानांत आणि जमिनीखालच्या जाड खोडात पाणी साठवतो. त्याच्यासाठी सहा मग्यांत ४ मगे भरड खडे किंवा प्यूमिस घाला आणि शक्यतो न रंगवलेली मातीची कुंडी घ्या, तिच्या भिंतीतूनही ओल उडून जाते.

मगा अर्ध्या लिटरचा असेल तर मॉन्स्टेराचं दहा मगे म्हणजे पाच लिटर सामान होतं. पण मिसळल्यावर पाच लिटर भरत नाही. बारीक कण जाड तुकड्यांच्या फटींत जाऊन बसतात आणि हाती चार-सव्वाचार लिटर लागतं. वर २०, तळाला १५ आणि उंचीला १८ सेंटिमीटर असलेल्या कुंडीत काठोकाठ साधारण ४.४ लिटर मावतं. वर बोटभर जागा सोडली आणि मुळांची जागा धरली की एवढं मिश्रण बरोबर पुरतं. २०चीच कुंडी का म्हणतोय ते पुढे येतंय.

ही मापं वेद नाहीत. झाड खिडकीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर ते पाणी कमी पितं, तिथे कोकोपीटचा एक मगा कमी करून सालीचा वाढवा. तुम्हाला रोज पाण्याचा डबा घेऊन फिरायची सवय असेल तरीही हेच. उलट पाणी घालायचं विसरणारा माणूस असेल, किंवा पंख्याच्या वाऱ्यात कुंडी असेल, तर कोकोपीट एक मगा वाढवा. झाडाचं नाव जेवढं बघायचं तेवढाच आपला हातही बघायचा.

मिश्रण बरोबर जमलं की नाही ते मोजता येतं, आणि पहिल्या वेळी तरी मोजाच. एक लिटरचा, उंचीला शक्यतो तुमच्या कुंडीएवढा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाला पाच-सहा भोकं पाडा, बाहेरून चिकटपट्टी लावून बंद करा. मिश्रण भरा, डबा दोन-तीनदा टेबलावर आपटा, पुन्हा काठापर्यंत भरा. एकदा चिंब भिजवून, निथळवून घ्या, कारण कोरडे कण पहिल्यांदा स्वतःच पाणी पितात आणि आकडा चुकतो. मग भोकं पुन्हा बंद करून, वर पाणी चमकायला लागेपर्यंत अगदी हळूहळू पाणी घाला. आता डबा एका भांड्यावर धरून पट्टी काढा आणि अर्धा तास गळू द्या. जेवढं पाणी भांड्यात आलं तेवढी हवा आता मिश्रणात गेली. २०० मिलिलिटर आलं तर हवा २० टक्के. मॉन्स्टेराला २० ते ३० टक्के, कॅलेथियाला १५ ते २०, स्नेक प्लांटला २५च्या पुढे, असं असलं की निर्धास्त राहा. तुमची आत्ताची माती-गांडूळखत निम्मंनिम्मं अशी मोजलीत तर १०० मिलिलिटरही मिळायची नाहीत. आकडा कमी आला तर साल किंवा परलाइट एकेक मगा वाढवून पुन्हा मोजा. डबा बुटका असेल तर आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो. स्पंजचं आठवा.

तयार पिशवीचं काय?

पिशवीवर ‘इनडोअर’ लिहिलंय यावरून काहीच कळत नाही. मागे घटक लिहिलेले असतात ते वाचा. नुसतं कोकोपीट आणि खत असेल, आणि बऱ्याच पिशव्यांत तेच असतं, तर ते तुमचं मूळ मिश्रण समजा, आणि तेही परलाइटविना. उघडून एक मूठ ओली करा, घट्ट आवळा, हात उघडा. बोटानं टोचलं की गोळा लगेच फुटला पाहिजे. नुसताच चपटा झाला आणि बोटांच्या फटींतून चिखल आला, तर अशा पिशवीचे ५ मगे, साल ३ मगे आणि परलाइट २ मगे अशी दुरुस्ती करून घ्या. त्यानंतर ती खुशाल वापरा. कोकोपीट धुण्याचा खटाटोप बहुधा वाचतो. पाणी धरून ठेवणारे जेलचे मणी घातलेत असं लिहिलं असेल तर ती पिशवी परत ठेवा. आपण पाणी घालवायच्या मागे आहोत. आत पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती मेलेलं खाणारी आहे. आंबूस, गटारासारखा वास आला तर मात्र पसरून दोन-तीन दिवस हवा लागू द्या आणि वास गेल्यावरच वापरा.

आता तुमचा मॉन्स्टेरा

हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. हातमोजे घाला, मॉन्स्टेराच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडीला खाज सुटते. कुंडी आडवी करून झाड अलगद काढा, खोड धरून खेचू नका. माती बोटांनी मोकळी करा आणि उरलेली बादलीतल्या पाण्यात हलवून सोडवा. जुन्या मातीचा गोळा तसाच नव्या मिश्रणात बसवणं ही फार जणांची चूक. बाहेरचं भरड मिश्रण दोन दिवसांत सुकतं, आतला घट्ट गोळा ओलाच राहतो, किंवा एकदा कडक झाला की पाणी त्याला वळसा घालून निघून जातं.

मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हळूच ओढून बघा. चांगलं मूळ टणक असतं, पांढरं, पिवळसर किंवा फिकट तपकिरी. रंगावर जाऊ नका, कोळशानं आणि कोकोपीटनं चांगली मुळंही डागाळतात. सडलेलं मूळ बोटांत मऊ लागतं, ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर तेवढी उरते. अशी सगळी मुळं टणक भागापर्यंत कापा. कात्री ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, एका मुळानंतर दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसा. कापलेल्या जागी हळद, दालचिनी, मध लावायची गरज नाही. मुळं सावलीत तासभर वाऱ्याला ठेवलीत की पुरे.

किती मुळं उरली त्यावर कुंडी ठरवायची. उरलेल्या मुळांभोवती सगळीकडून दोन-अडीच सेंटिमीटर जागा राहील एवढीच. निम्मी गेली असतील तर २५ची कुंडी आता मोठी पडेल. जिथे मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी कुणी पीत नाही आणि ते तसंच राहतं. म्हणून २०ची, त्याहून कमी मुळं असतील तर १५ची.

तळाला जाळीचा तुकडा, खडी नाही. थोडं ओलसर मिश्रण घाला, झाड पूर्वी होतं त्याच उंचीला धरा, खोड जास्त पुरू नका, आधाराची काठी आत्ताच लावा. बाजूंनी मिश्रण सोडत कुंडी आपटत राहा, काडीनं मुळांच्या मधे ढकला. अंगठ्यांनी दाबायचा मोह होतो, तो आवरा. एवढा खटाटोप करून जमवलेली हवा एका दाबात निघून जाते. झाड डुगडुगत असेल तर काठीला बांधा, माती ठोकू नका. मग तळातून पाणी येईपर्यंत पाणी घाला, आणि गळायचं थांबल्यावर कुंडी दहा-पंधरा मिनिटं तिरकी टेकवून ठेवा. कोपऱ्यातून आणखी घोट-दोन घोट पाणी निघेल. ते तळाच्या चिंब पट्ट्यातलं. हे प्रत्येक वेळी करता आलं तर उत्तमच.

उजेड भरपूर, पण ऊन थेट नको. चार ते सहा आठवडे कसलंही खत नको, मुळांच्या जखमा भरायच्या असतात. त्यानंतर विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, दर १५ दिवसांनी, झाड वाढत असेल तेव्हाच.

पाण्याची जुनी सवय आता मोडावी लागेल. नवं मिश्रण लवकर सुकतं. आठवड्यातून दोनदा घालावं लागलं तरी दचकू नका. पाणी घातल्यावर कुंडी उचलून तिचं वजन हाताला कळू द्या. ते निम्म्याच्या आसपास वाटलं आणि काडी पाच सेंटिमीटरपर्यंत कोरडी निघाली की घाला. कधी पूर्ण वाळलंच, तर कोकोपीट पाणी झिडकारतं आणि वरून ओतलेलं कडेकडेनं थेट खाली जातं. तेव्हा कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा, मग निथळवा.

काळे डाग पसरत असतील, भोवती पिवळी कडा दिसत असेल तर ते पान देठासकट काढा आणि पानांवर पाणी फवारणं थांबवा. डाग आहे तेवढाच राहिला तर पान राहू दे; मुळं कमी झालेली असताना झाडाला प्रत्येक हिरव्या तुकड्याचा उपयोग आहे.

चिलटांच्या अळ्या वरच्या पाच सेंटिमीटर मातीत राहतात आणि तिथली बुरशी, कुजकं खातात. जुनी माती गेली की निम्म्याहून जास्त तिच्याबरोबर गेल्या. उरलेल्यांसाठी पिवळे चिकट कागद कुंडीत उभे करा आणि वरचा थर सुकू देत जा. अंड्यापासून पुढच्या पिढीपर्यंत तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे कागद महिनाभर तरी ठेवा. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून दुसरं काही फवारायला धावू नका. शेजारच्या दोन कुंड्यांतही कागद लावा, चिलटं तिकडे गेलेली असणारच.

पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांची वाट बघू नका. नवा कोंब हलताना दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो. हे मिश्रणही कायमचं नाही. दीड-दोन वर्षांत साल कुजून बारीक होते, कुंडीतली पातळी दोन-तीन बोटं खाली बसते आणि पाणी पूर्वीपेक्षा हळू मुरायला लागतं. तेव्हा वरून नवं मिश्रण भरून पातळी सारखी करण्यात अर्थ नाही, झाड काढून सगळंच बदला.

आणि ती खडी टाकू नका. धुवून कुंडीखालच्या ताटलीत पसरा आणि कुंडी तिच्यावर ठेवा. गळलेलं पाणी खाली साचेल आणि कुंडीचा तळ त्यात बुडणार नाही.